शहाण्णव फ्रेम्स

एडना तुस्कानोच्या फ्रीझरमध्ये, सुक्या बोंबलांच्या पिशवीमागे, बटर कुकीजचा एक निळा पत्र्याचा डबा सत्तावीस वर्षं होता. या सत्तावीस वर्षांत तीन घरं झाली, चार फ्रीज झाले, पण डबा हलला नाही. म्हणजे हलला, पण प्रत्येक वेळी बर्फाच्या पेटीत बसून, एडनाच्या मांडीवरून. तिचा नवरा व्हिन्सेंट टोरोंटोत स्ट्रीटकार, म्हणजे ट्राम, चालवून रिटायर झालेला, स्वभावाने बोलका. सगळ्यांच्या घरी असल्या डब्यात सुईदोरा असतो, आमच्याकडे तो गोठवून ठेवतात, असं तो पाहुण्यांना सांगायचा. पाहुणे हसायचे, एडनाही हसायची, आणि विषय तिथेच राहायचा.

एडना मूळची वसईची. मुंबईच्या एका फिल्म लॅबमध्ये ती काम शिकली आणि लग्नानंतर, बहात्तर साली, टोरोंटोत येऊन तेच काम करू लागली. काम होतं निगेटिव्ह कापण्याचं. हे काय असतं ते आता समजावून सांगावं लागतं, कारण ते उरलेलंच नाही. कॅमेऱ्यातून निघालेली मूळ फिल्म म्हणजे निगेटिव्ह. ती जगात एकच. एडिटर तिला शिवतसुद्धा नाही. तिच्यावरून काढलेल्या एका कामचलाऊ प्रतीवर, वर्कप्रिंटवर, तो महिनोन् महिने कापाकापी करतो, चिकटपट्टीने जोडतो, पुन्हा उसवतो. सगळं कायम झालं की ती वर्कप्रिंट एडनासारख्या बाईकडे येते. काठावर छापलेले बारीक नंबर जुळवत तिने त्याबरहुकूम खरी निगेटिव्ह कापायची आणि जोडायची. जोडताना दोन्ही बाजूंची एकेक फ्रेम खर्ची पडते. म्हणून चुकीच्या जागी कात्री लागली तर ती जागा पुन्हा सांधता येत नाही. चित्राला उचकी लागते ती लागतेच. पांढरे हातमोजे घालून एडनाने एकतीस वर्षं हे काम केलं. एकतीस वर्षांत हिचा एकही काप चुकला नाही, असं लॅबमध्ये सगळे म्हणत. निरोपाच्या दिवशी दिलेल्या लाकडी पाटीवरही तसंच कोरलं होतं, आणि ती पाटी व्हिन्सेंटने टोरोंटोशेजारी मिसिसागातल्या त्यांच्या फ्लॅटमध्ये, येशूच्या तसबिरीखाली लावली होती.

पाटी खोटी होती. हे ठाऊक असलेली माणसं जगात दोनच, आणि त्यातला दुसरा दोन वर्षांपूर्वी वारला होता.

तो दुसरा म्हणजे लेलँड मॅब्री. अमेरिकन डायरेक्टर, डेट्रॉइटचा. युद्धात लढून आला, मोटारींच्या जाहिराती काढता काढता पिक्चरकडे वळला. एकूण अकरा पिक्चर त्याने काढले. पहिले पाच हॉलिवूडमध्ये काढले, ते चालले नाहीत, मग तो उत्तरेला आला. टोरोंटो स्वस्त पडतं म्हणून आला, असं सगळे धरून चालले. उरलेले सहाही पिक्चर त्याने इथेच केले: रस्त्यांवर अमेरिकेचे झेंडे टांगायचे, कॅनडाच्या लाल टपालपेट्या निळ्या खोक्यांनी झाकायच्या आणि टोरोंटोचं डेट्रॉइट करायचं. हयातीत त्याला एकही मोठं बक्षीस मिळालं नाही. वारल्यावर मात्र वर्तमानपत्रांना त्याची थोरवी अचानक आठवली. मेलेल्या म्हशीला मणभर दूध ही आपली म्हण, पण रीत तिकडेही तीच.

आणि हे सगळे लेख येऊन थांबत ते एकाच जागी, 'नोव्हेंबर बोट' या पिक्चरच्या शेवटावर. एक म्हातारा नदीच्या धक्क्यावर बाकावर बसलेला. मुलगा घर सोडून पलीकडे गेला त्याला चौदा वर्षं झाली; आज शेवटच्या बोटीने येतो असं त्याचं पत्र आहे. बोट लागते. माणसं उतरतात, पांगतात. पडद्यावर फक्त म्हाताऱ्याचा चेहरा. मग लाकडी फळ्यांवर पावलं वाजू लागतात, म्हातारा मान वळवणार एवढ्यात पडदा काळा होतो. काळोखात चार सेकंद पावलं ऐकू येतात, थांबतात आणि पिक्चर संपतो. ती पावलं मुलाची की बोटीवरच्या खलाशाची, यावर फिल्मच्या शाळांमधून पोरांनी निबंध लिहिले, मास्तरांनी पुस्तकं लिहिली. मुलाखतीत विचारलं की मॅब्री एवढंच म्हणायचा, "तो शेवट मी केला नाही. तो टेबलावर झाला." लोकांना तो त्याचा विनय वाटायचा.

दोन हजार दहाच्या ऑक्टोबरात परीक्षित आगाशे एडनाकडे आला. पुण्याचा मुलगा. बँकेतली आयटीची नोकरी सोडून जुने पिक्चर दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत लागला होता, आणि त्याबद्दल त्याच्या आईवडिलांनी त्याला अजून माफ केलेलं नव्हतं. एडनाने त्याला चहा दिला, केक दिला. व्हिन्सेंटने त्याला बोंबलांची आणि सुईदोऱ्याची गोष्टही सांगून टाकली.

"आंटी, मॅब्री आठवतात ना तुम्हांला?"

"सहाच्या सहा पिक्चर कापलेत मी त्यांचे. नवऱ्याचा वाढदिवस विसरेन, ते नाही विसरणार."

"विसरतेच," व्हिन्सेंट म्हणाला.

"आम्ही 'नोव्हेंबर बोट' रिस्टोअर करतोय," परीक्षितने लॅपटॉप उघडला. "एप्रिलमध्ये त्यांच्या सगळ्या फिल्म्स दाखवणार आहेत इथे. आणि आंटी, वर्कप्रिंट सापडलीय. त्यांच्या डेट्रॉइटच्या घरी, बेसमेंटमध्ये. त्यांचा मुलगा घर क्लिअर करत होता."

"त्यांना मुलगा होता?"

"एकच. ग्लेन. विंडसरला असतो, कार प्लांटमधून रिटायर झालाय. व्हिएतनाम वॉरला जायची ड्राफ्ट नोटीस आली तेव्हा नदी क्रॉस करून इकडे पळून आला, सिक्स्टी-नाइनमध्ये. मॅब्री स्वतः वॉर व्हेटरन. ते म्हणाले, पुन्हा तोंड दाखवू नकोस. डेट्रॉइट आणि विंडसर, मध्ये फक्त एक नदी आहे आंटी. नंतर कधी भेटलेच नाहीत."

एडनाच्या हातातली बशी हातातच राहिली. सहा पिक्चर तिने त्या माणसाच्या शेजारी बसून पुरे केले होते, आणि हे तिला आज कळत होतं.

परीक्षितने स्क्रीन तिच्याकडे वळवली. बाकावरचा म्हातारा दिसला, ओरखड्यांनी भरलेला. पावलं वाजली. आणि जिथे जगाने आजवर काळोख पाहिला होता तिथे म्हाताऱ्याने मान वळवली, समोर पाहिलं, आणि त्याचा सगळा चेहरा हसला.

"फोर सेकंद्स," परीक्षित म्हणाला. "शहाण्णव फ्रेम्स. ग्लेनला वाटतंय, प्रोड्युसरने हे काढायला लावलं. त्याला ते परत लावायचंय, राइट्स त्याच्याकडेच आहेत. पण वर्कप्रिंट सगळी स्क्रॅच झालीय. ओरिजिनल निगेटिव्हचा तो पीस मिळाला असता तर... तुम्हांला काही आयडिया आहे का, कापलेल्या ट्रिम्स कुठे गेल्या असतील?"

"नाही रे. लॅब बंद झाली तेव्हा सगळं गेलं."

"आणि हे बघा, जॉइनवर या दोन पिवळ्या रेघा. हे काय मार्किंग आहे?"

"चष्मा नाही माझा इथे," एडना म्हणाली आणि चहा आणायला उठली. परीक्षितचा कप अजून भरलेला होता.

तो गेल्यावर व्हिन्सेंटने कपबशा उचलल्या, सिंकमध्ये ठेवल्या आणि परत येऊन बसला. "चष्मा नाकावर होता," तो म्हणाला.

तेव्हा एडनाने त्याला सगळं सांगितलं. अडतीस वर्षांच्या संसारात एवढा वेळ व्हिन्सेंट गप्प बसल्याचं तिला आठवत नव्हतं.

त्र्याऐंशीचा नोव्हेंबर. सकाळी लॅबच्या फोनवर वसईहून भावाचा ट्रंककॉल आला की वडील गेले. अकरा वर्षांनी एडना पहिल्यांदा घरी जाणार होती, डिसेंबरची तिकिटं काढून झाली होती. भाऊ रडत सांगत होता: तुझं पत्र आल्यापासून रोज अंगणातल्या बाकावर बसून रस्त्याकडे बघायचे, नाताळला अवकाश आहे म्हटलं तरी ऐकत नव्हते, तिथेच बसल्या बसल्या गेले. एवढं तर व्हिन्सेंटलाही माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं ते पुढचं. फोन ठेवून एडना टेबलाशी परत आली. सुपरवायझर घरी जा म्हणाला, ती गेली नाही. घरी गेली असती तर रडावं लागलं असतं, आणि 'नोव्हेंबर बोट'चं शेवटचं रीळ दुसऱ्या दिवशी द्यायचं होतं. तिने हातमोजे चढवले. त्या रिळात बाकावर बसलेला म्हातारा होता.

वर्कप्रिंट चालवता चालवता कधीकधी फाटते. मग एडिटर ती पट्टीने चिकटवतो आणि पिवळ्या पेन्सिलीने त्या जोडावर दोन रेघा मारतो. अर्थ असा, की हा काप नव्हे, नुसतं ठिगळ आहे. निगेटिव्ह इथे अखंड ठेव. हे पहिल्याच आठवड्यात शिकवतात. एडनाने हे लॅबमधल्या किती मुलींना स्वतः शिकवलं होतं. त्या दिवशी म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर तसा जोड आला, त्यावर दोन रेघा होत्या, आणि तिला त्या दिसल्या नाहीत. तिने निगेटिव्ह कापली. कात्री मिटल्यावर तिचं लक्ष काठावरच्या नंबरांकडे गेलं. नंबर पुढे सलग चालले होते, म्हणजे इथे काप नव्हताच.

ती सुपरवायझरकडे गेली नाही. तिने मॅब्रीच्या हॉटेलवर फोन केला. तो अर्ध्या तासात आला, कोटावरचं बर्फही न झटकता. एडनाने दोन्ही तुकडे त्याच्यासमोर ठेवले आणि म्हणाली, "माझ्या हातून चुकलं. जोडून देते, पण दोन फ्रेम्स जातील. त्याच्या चेहऱ्याला झटका बसेल, आणि तो लपणार नाही."

मॅब्रीने तिच्याकडे पाहिलं. "तुझे डोळे कशाने लाल झालेत?"

"सकाळी माझे वडील गेले."

"आणि तू इथे?"

"रीळ उद्या द्यायचंय."

"ते तुझी वाट बघत होते?"

एडनाने होकारार्थी मान हलवली.

मॅब्री त्या टेबलाशी बसला. मग हसऱ्या चेहऱ्याचा तुकडा त्याने उचलून दिव्यासमोर धरला. काठाने धरा, असं तेवढ्यातही एडनाने त्याला बजावलं. त्याने तो काठाने धरला. "इथे काळं लाव," तो म्हणाला. "आवाज आहे तसा राहू दे."

"पण मग तो हसणार नाही."

"जो आलाच नाही त्याला बघून हसायचं कसं?" तो म्हणाला. "मी उगाच हसवलं होतं त्याला."

सुपरवायझरला त्याने सांगितलं की शेवट मी बदललाय. जाताना एडनाला म्हणाला, हे तुझ्या-माझ्यात राहील, आणि तो तुकडा जाळून टाक. पुढच्या प्रत्येक पिक्चरला एडनाच हवी अशी त्याने अट घातली, आणि तिचं नाव शेवटच्या गर्दीत न ढकलता सुरुवातीला, एडिटरच्या खाली टाकलं. त्याने शब्द मरेपर्यंत पाळला. एडनाने पाळला नाही. निगेटिव्ह जाळायला तिचा हात धजला नाही. फिल्मचे रंग उबेने जातात, म्हणून तिने तो तुकडा दोन पिशव्यांत गुंडाळून डब्यात घातला आणि डबा फ्रीझरमध्ये ठेवला. एकदा तिने पापनिवेदनात, कामात एक मोठी चूक झाली एवढंच, सांगूनही पाहिलं. फादर म्हणाले, बाई, चूक म्हणजे पाप नव्हे. त्याने तिचं समाधान झालं नव्हतं.

व्हिन्सेंटने ऐकून घेतलं. "मग आता गप्प बस," तो म्हणाला. "झाकली मूठ सव्वा लाखाची. तो बिचारा गेला. पिक्चर आहे तसा लोकांना आवडतो. तुझं नाव आहे. कशाला उकरायचं?"

"त्या मुलाने पिक्चर पाहिला असेल," एडना म्हणाली.

"कोणत्या मुलाने?"

"ग्लेनने. थिएटरात बसून पाहिला असेल ना त्याने? बापाचा पिक्चर, बाप मुलाची वाट बघतोय, मुलगा येतोय, आणि बाप त्याच्याकडे बघतच नाही. त्याने काय समजायचं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी एडनाने बोंबील बाजूला सारून डबा बाहेर काढला. गोठलेली फिल्म लगेच उघडली तर तिच्यावर दव धरतं आणि ती खराब होते. आधी फ्रीजमध्ये, मग बाहेर, असा तिला दोन दिवस वेळ द्यावा लागतो. डबा टेबलावर ठेवून तिने परीक्षितला फोन केला. ग्लेनला बोलाव, ती म्हणाली, आणि वर्कप्रिंटचं ते रीळ काढून ठेव. स्कॅन नको, खरं रीळ हवं.

शनिवारी ती आणि व्हिन्सेंट गो ट्रेनने टोरोंटोत गेली. डबा व्हिन्सेंटच्या मांडीवर होता. "सत्तावीस वर्षं याच्यावर जोक मारले मी," तो म्हणाला. "आधी सांगितलं असतंस तर दुसरा विषय शोधला असता."

परीक्षितच्या कंपनीत एका खोलीत काचेचं टेबल होतं, खालून दिवा लावलेलं. ग्लेन मॅब्री विंडसरहून चार तास गाडी चालवून आला होता. साठीचा, रुंद पंजांचा माणूस. हनुवटी थेट बापाची. ती एडनाने लगेच ओळखली. परीक्षितने ओळख करून द्यायला सुरुवात केली, तिने त्याला थांबवलं. बसलीही नाही. उभ्याउभ्याच तिने इंग्रजीत सगळं सांगितलं: वडिलांचा फोन, दोन रेघा, कात्री, काळं लाव म्हणालेला मॅब्री. "प्रोड्युसरचा यात काही संबंध नाही," शेवटी ती म्हणाली. "ती चूक माझी होती."

ग्लेन इंग्रजीतच म्हणाला, "चौऱ्याऐंशीत मी तो विंडसरला पाहिला. पळून आलेल्या आम्हां सगळ्यांना सरकारची माफी मिळून सात वर्षं झाली होती. मी केव्हाही पलीकडे जाऊ शकलो असतो. तिकीट काढताना ठरवलं होतं, की शेवट बरा असला तर उद्या त्यांना फोन करायचा."

ग्लेनने काचेच्या टेबलावर दोन्ही पंजे टेकले.

"मग पडदा काळा झाला. मला वाटलं, हे माझ्यासाठीच केलंय. तुझी पावलं मी ओळखतो, पण तुझं तोंड मी बघणार नाही, असं सांगतायत. मी फोन केला नाही. कधीच केला नाही. सव्वीस वर्षं, बाई."

एडनाला लाज वाटली, लहानपणी वर्गात उभं केल्यावर वाटते तशी. व्हिन्सेंट पुढे होऊ लागला तसं तिने हाताने त्याला मागेच ठेवलं. ग्लेन खिडकीशी गेला आणि त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला.

तेव्हा, दुसरं काय करावं हे न सुचून, एडनाने पर्समधून हातमोजे काढले. "रीळ दे," ती परीक्षितला म्हणाली. वर्कप्रिंट तिने काचेवर घेतली आणि दोन्ही हातांनी सरकवत, काठ बोटांत धरून, पाहत गेली. बोटीचा भोंगा, उतरणारी माणसं, रिकामा धक्का. मग म्हातारा आला, आणि तिची बोटं थांबली. ती मागे गेली, पुन्हा पुढे आली. भिंग डोळ्याला लावलं.

त्र्याऐंशी साली हीच फिल्म तिच्या हातांतून गेली होती. पण त्या दिवशी तिने काहीच पाहिलं नव्हतं.

"मिस्टर मॅब्री," ती म्हणाली. "इकडे या."

ग्लेन आला नाही.

"रागवा माझ्यावर, पण इकडे या. हे मलाच वाचता येतं, आणि माझ्यानंतर कोणाला येणार नाही."

तो आला. एडनाने भिंग त्याच्या हातात दिलं. "ही काठाची भोकं बघा. यांत मशीनचे दात अडकतात आणि फिल्म पुढे सरकते. रिळाच्या सुरुवातीला बघा, भोकं कशी चौकोनी आहेत, नवीन. आता इथे बघा, त्याचा चेहरा येतो तिथे."

"फाटलीयत."

"झिजलीयत. एडिटर एक शॉट वीस वेळा बघतो. अवघड असला तर पन्नास वेळा. त्याने भोकांना काही होत नाही. हे शेकडो वेळा बघितल्यावर होतं. मागे घ्या, पुढे चालवा, मागे घ्या, पुढे चालवा. आणि फक्त एवढाच तुकडा. याच्या आधीचा नाही, नंतरचा नाही. बघून बघून ती इथे फाटली. आणि हे बघा, पट्टीखाली आणखी एक पट्टी आहे. फाटली, चिकटवली, पुन्हा बघितलं, पुन्हा फाटली."

ग्लेन भिंगातून पाहत होता.

"एडिटरच्या रेघा आखल्यासारख्या सरळ असायच्या," एडना म्हणाली. "या वाकड्या आहेत. या तुमच्या वडिलांच्या हातच्या. टेबलाशी तेव्हा ते एकटे होते. मला म्हणाले, तो तुकडा जाळ. आणि स्वतः मात्र ही वर्कप्रिंट घरी नेऊन जपून ठेवली. ते हसू त्यांना कोणाला दाखवायचं नव्हतं. पण ते बघत होते. मुलगा येतो आणि बाप हसतो, एवढंच ते पुन्हा पुन्हा बघत होते."

ग्लेनने भिंग खाली ठेवलं आणि काठावरच्या झिजल्या भोकांवर बोट ठेवलं. हातमोजे न घालता फिल्मला बोट लावलेलं एडनाने आयुष्यात कोणाला खपवून घेतलं नव्हतं. आज ती काही बोलली नाही. ग्लेन तसाच उभा राहून रडला, आवाज न करता, आणि परीक्षित उगाचच लॅपटॉपची वायर गुंडाळत बसला.

मग एडनाने डबा उघडला. निगेटिव्हचा तुकडा काचेवर ठेवला तेव्हा तो कालच कापल्यासारखा स्वच्छ होता. परीक्षित वाकून बघू लागला.

"आंटी, हे परफेक्ट आहे. जॉइनमध्ये जातील त्या दोन फ्रेम्स मी डिजिटली रिबिल्ड करतो. जर्क अजिबात दिसणार नाही. कोणाला कळणारपण नाही इथे कधी कट होता."

हे ऐकून एडनाला जो आनंद झाला तो लपवण्यासारखा नव्हता. चूक भरून निघणार होती. चूक झालीच नव्हती असं होणार होतं. तिने ग्लेनकडे पाहिलं.

ग्लेन त्या तुकड्याकडे पाहत होता. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, म्हाताऱ्याचे पांढरे केस काळे, चेहरा गडद; पण हसू हसूच दिसत होतं. "नको," तो म्हणाला. "पिक्चर आहे तसा राहू दे."

"पण तुम्हीच म्हणाला होतात—" परीक्षित म्हणाला.

"मी म्हणालो होतो, कारण मला ते बघायचं होतं. मी बघितलं. हे माझ्यासाठी होतं. तिकीट काढून येणाऱ्यांसाठी नव्हतं. त्यांनी काळं लाव म्हटलं, तर काळंच राहू दे."

एडनाला वाईट वाटलं, आणि ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं असणार, कारण व्हिन्सेंटने तिच्या पाठीवर हात ठेवला. चूक आता कायमची राहणार होती. तिने निगेटिव्ह पुन्हा गुंडाळली, डब्यात ठेवली आणि डबा ग्लेनच्या हातात दिला. "फ्रीझरमध्ये ठेवा," ती म्हणाली. "मासळीचा वास लागत नाही, मी सांगते." मग ती परीक्षितकडे वळली. "दुरुस्त केलेल्या पिक्चरबरोबर तुम्ही माहिती छापता ना, काय केलं, कसं केलं? त्यात लिही. शेवटची निगेटिव्ह एडना तुस्कानोने चुकून कापली. डायरेक्टरने ती चूक ठेवून घेतली."

"आंटी, हे लिहायची काही गरज नाहीये."

"तू लिही. माणसं इतकी वर्षं त्यांना विचारत होती आणि ते खरं सांगत होते. कोणी ऐकलं नाही."

घरी आल्यावर तिने येशूच्या तसबिरीखालची पाटी काढून कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा भिंतीवर होती. "एकतीस वर्षांत एक," व्हिन्सेंट म्हणाला. "मी क्वीन स्ट्रीटवर दरवर्षी कोणाच्या तरी गाडीचा आरसा मोडायचो. राहू दे पाटी."

एप्रिलमध्ये टोरोंटोच्या त्या थिएटरात एकही खुर्ची रिकामी नव्हती. भाषणं झाली, मॅब्री किती थोर होता हे चौघांनी सांगितलं, परीक्षितने छापलेली माहितीची पत्रकं वाटली गेली; बहुतेकांनी ती न वाचता मांडीखाली सारली. ग्लेन एडनाच्या शेजारी बसला होता. तिच्या दुसऱ्या बाजूला व्हिन्सेंट, पॉपकॉर्न घेऊन.

शेवटचं रीळ आलं. बोट लागली, माणसं पांगली. म्हातारा बाकावर बसलेला, फळ्यांवर पावलं वाजू लागली, आणि पडदा काळा झाला. एडना सवयीने फ्रेम्स मोजू लागली. चार सेकंद, शहाण्णव फ्रेम्स. त्या काळोखात कुठे मान वळते, कुठे डोळे उचलतात, कुठे हसू फुटतं हे तिला पाठ होतं, आणि शेजारच्या माणसालाही होतं. मोजता मोजता मध्येच तिचा हिशोब सुटला. वसईच्या अंगणातला बाक तिच्या डोळ्यांसमोर आला, आणि जी पावलं वाजत होती ती तिला स्वतःची वाटली. सत्तावीस वर्षांपूर्वी टेबलाशी अडवून धरलेलं रडू तिला तिथे आलं. ग्लेनने न बघता तिचा हात धरला. पावलं थांबली.

दिवे लागले, टाळ्या झाल्या. मागच्या रांगेत एक तरुण आपल्या मैत्रिणीला समजावून सांगत होता, की यात कोड्यासारखं काही नाहीच. ती पावलं खलाशाची, मुलगा काही आलाच नाही.

ग्लेनने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

"आला," तो म्हणाला. "उशिरा आला."